सांगली ते वाई : भक्ती बर्वे

स्मरणिकेत 'कृष्णाकाठची माणसं' असा विभाग करायचं ठरलं आणि ग्रुपवर दहा मिनिटांत नावं वाटून झाली. यशवंतराव आणि वसंतदादा पहिल्याच मिनिटात संपले, मग क्रांतिसिंह नाना पाटील, मग विष्णुदास भावे. मी भक्ती बर्वे मागितल्या. लगेच दोघातिघांचा प्रश्न आला, त्या आपल्या कशा, त्या तर मुंबईच्या ना?

जन्म १० सप्टेंबर १९४८, सांगलीचा. मृत्यू १२ फेब्रुवारी २००१ च्या पहाटे, वाईचा कार्यक्रम करून मुंबईला परतताना. मधलं सगळं काम मुंबईत झालं हे खरं, पण सुरुवात आणि शेवट दोन्ही कृष्णेच्या काठावर आहेत. विभागाच्या नावात बसायला एवढं पुरेसं आहे, असं म्हणून मी नाव पक्कं करून टाकलं.

त्यांची 'ती फुलराणी' आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्यांच्याकडे आधी निवेदिका म्हणून बघायचं आहे. आकाशवाणीच्या निवेदिका आणि मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातल्या वृत्तनिवेदिका. हा भाग लेखांमध्ये एका वाक्यात उरकतात, जणू मोठी अभिनेत्री होण्याआधी पोटापाण्यासाठी केलेलं काहीतरी. मला तसं वाटत नाही. त्यांच्या सगळ्या मोठ्या भूमिकांची किल्ली त्या एका वाक्यातच आहे, असं माझं मत आहे.

रंगमंचावर त्या लहानपणीच आल्या. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत 'लिटल थिएटर' ही बालरंगभूमी उभी केली. तोपर्यंत लहान मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलांनीच केलेलं काहीतरी, अशी समजूत होती. करमरकरांनी मुलांसाठी खऱ्या नेपथ्याची, खऱ्या प्रकाशयोजनेची, तिकीट लावून होणारी नाटकं केली. भक्ती बर्वे तिथे तयार झाल्या. बालनाट्यात एक गोष्ट फार लवकर शिकायला मिळते. समोरचं पोर कंटाळलं तर ते सभ्यपणे बसून राहत नाही. ते उठतं, पाणी मागतं, शेजारच्याला चिमटा काढतं. शब्द शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत पोचला नाही तर तिथल्या तिथे कळतं. आपल्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना हे मी सांगायला नको.

पुढे त्या आकाशवाणीवर निवेदन करू लागल्या. आज आपली मुलं विचारतात, रेडिओवर एक बाई बोलायची म्हणजे नेमकं काय काम करायची? त्यांच्यासाठी थोडं सांगते. आकाशवाणीचा दिवस तीन सभांमध्ये वाटलेला असे, सकाळची, दुपारची आणि रात्रीची. एक सभा म्हणजे काही तासांचं न थांबणारं प्रसारण. निवेदक एका बंद खोलीत, समोर माइक, बाजूला तबकड्या आणि टेप, हातात मिनिटामिनिटाचा हिशेब मांडलेला कागद. गाणं अर्धा मिनिट आधी संपलं तर ते अर्धं मिनिट आवाजानं भरायचं, भाषण लांबलं तर पुढचं आटपतं घ्यायचं, आणि हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. गायकाचं नाव, कवीचं नाव, संगीतकाराचं नाव, कुठेही अडखळायचं नाही. खोलीत शिंकही आवरायची. आणि ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं दिसत नाहीत. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी बाई, सलूनमध्ये दाढी करून घेणारा माणूस, गोठ्यात धार काढणारा, सगळ्यांना एकाच वेळी आणि प्रत्येकाला वाटलं पाहिजे की ही माझ्याशीच बोलते आहे.

आपल्या भागात हे जग १९६३ मध्ये आलं, आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं तेव्हा. १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना फोन नंबरासारखा पाठ आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, तिन्हीकडे हे केंद्र घराघरात लागायचं. आपण ज्याला 'रेडिओवरची मराठी' म्हणायचो ती अशी कानावर पडली. घरात कुणीच तशी बोलत नव्हतं. पण चांगलं बोलायचं म्हणजे कसं, हे विचारलं तर सगळेजण त्या पेटीकडे बोट दाखवायचे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. दिल्लीनंतर देशातलं दुसरं केंद्र. त्या सुरुवातीच्या वर्षांत संध्याकाळच्या मराठी बातम्या वाचणाऱ्यांत भक्ती बर्वे होत्या. त्याच काळात त्याच पडद्यावर स्मिता पाटीलही होत्या. दूरदर्शनवर बातम्या देणारी मुलगी पुढे मोठी नटी झाली, ही गोष्ट म्हटली की स्मिता पाटीलच आठवतात. भक्ती बर्वेंचं उलट होतं. त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या तेव्हा नटी होत्याच, आणि माझ्या मते त्यांचं काम त्यामुळे जास्त अवघड होतं. नटीला बातमी वाचताना अभिनय न करता बसायचं असतं. धरण फुटल्याची बातमी आणि साखरेचा भाव एकाच चेहऱ्यानं सांगायचा, पण दोन्ही आवाजांत फरक हवा. तो फरक किती, याचं माप कुठल्याही पुस्तकात नाही. जास्त झाला तर नाटकी, कमी झाला तर यंत्र.

सोयी म्हणाल तर काहीच नव्हत्या. समोर अक्षरं सरकणारा पडदा नव्हता. हातात कागद, नजर खाली, ओळ डोळ्यांत भरून घ्यायची, मान वर करून ती प्रेक्षकांना सांगायची, पुन्हा खाली. एजन्सीकडून आलेली इंग्रजी बातमी संपादक मराठीत करणार, आणि ते कागद कधी कधी अगदी ऐन वेळेला हातात पडणार. प्रसारण थेट. चुकलं तर चुकलेलंच गेलं.

इथे माझ्या कामाचा थोडा संबंध येतो म्हणून सांगते. गेली काही वर्षं मी यंत्राकडून मराठी वाचून घेण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करते. मराठीत च, ज आणि झ यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिहिताना फरक दिसत नाही. चंद्रातला च वेगळा, चांदण्यातला वेगळा. जरा म्हणजे म्हातारपण असेल तर एक ज, जरा म्हणजे थोडं असेल तर दुसरा. यंत्राला हे शिकवताना आम्ही याद्या करतो, नियम लिहितो, हजारो वाक्यं घालतो, आणि तरी ते कुठेतरी माती खातं. अशा वेळी मला ती खोली आठवते. शाई न वाळलेला कागद, समोर लाल दिवा, आणि एक बाई ते सगळे च आणि ज नजर पडताक्षणी बरोबर वाचते आहे. आम्ही पाच जण मिळून ज्याच्याशी झगडतो, ते ती माणसं रोज संध्याकाळी एकट्यानं करत होती.

गंमत अशी की, त्यांच्या जन्मगावानं त्यांना बातम्या देताना त्या काळात पाहिलंच नाही. पुण्यापर्यंत टीव्ही १९७३ मध्ये पोचला, सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे. साताऱ्यात कुणी गच्चीवर उंच अँटेना उभारून मुंग्यामुंग्यांचं चित्र पकडलं असेल तर तेवढंच. सांगलीत टीव्ही घरोघर झाला तो ऐंशीच्या दशकात. तोवर भक्ती बर्वे हे नाव आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीतलं झालं होतं.

आता नाटकाकडे येते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विजया मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्यानं ब्रेख्तचं एक नाटक मराठीत केलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी रूपांतर केलेलं 'अजब न्याय वर्तुळाचा'. त्यात भक्ती बर्वे होत्या. पण घराघरात नाव गेलं ते १९७५ च्या जानेवारीत. पु. ल. देशपांडेंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिलं, स्वतः दिग्दर्शित केलं, आणि फुलं विकणारी मंजुळा म्हणून भक्ती बर्वे उभ्या राहिल्या. प्रोफेसर जहागीरदार होते सतीश दुभाषी.

पु.लं.चंही आपल्याशी एक नातं आहे, ते सांगून टाकते. त्यांनी एम. ए. केलं ते सांगलीच्या विलिंग्डनमधून. मी शेजारच्या वालचंदला होते, त्यामुळे विश्रामबागच्या रस्त्यावरून जाताना आम्हाला उगीचच अभिमान वाटायचा, जणू आमच्यामुळेच ते शिकले. आणि पु. ल. स्वतः आकाशवाणीतले. १९५९ मध्ये दिल्लीत टेलिव्हिजन सुरू झालं तेव्हाही ते त्या कामात होते. माइकसमोर मराठी कशी वाजते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी फुलराणीसाठी निवेदिका असलेली नटी घेतली यात मला तरी योगायोग दिसत नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. भाषेचा एक पंडित पैज लावतो की फूटपाथवर फुलं विकणाऱ्या मुलीला मी काही महिन्यांत उच्चभ्रू माणसांसारखं बोलायला शिकवीन. शॉची मुलगी लंडनच्या गल्लीतली, पु.लं.ची मुंबईच्या रस्त्यावरची. नाव घेतलं बालकवींच्या कवितेवरून. पु.लं.नी नुसतं भाषांतर केलं असतं तर हे नाटक चार प्रयोगांत बंद पडलं असतं. इंग्रजीत एक उच्चार बदलला की माणसाचा वर्ग कळतो. मराठीत उच्चाराबरोबर जात येते, जिल्हा येतो, शिव्या येतात, नातं येतं. ते सगळं त्यांनी मंजुळेच्या तोंडी घातलं.

आणि हे बोलायचं कुणी? जिचा रोजचा धंदा शुद्ध बोलण्याचा, तिनं. नाटकात मंजुळा अशुद्धाकडून शुद्धाकडे जाते. भक्ती बर्वेंना पडदा उघडायच्या आधी उलटा प्रवास करावा लागत होता. दुसऱ्या अर्ध्यात लागणारी मराठी त्यांच्या हातातलीच होती, ती रोज माइकवर वापरलेली. कमवावी लागली ती पहिल्या अर्ध्यातली. आणि सगळ्यात अवघड भाग मधला. मंजुळेचे उच्चार सुधारलेत, पण बोलण्याचा विषय, धाटणी, तिची घाई, सगळं अजून जुनंच आहे. शुद्ध आवाजात उकिरड्याच्या गोष्टी. लोक इथे हसून लोळायचे. मला वाटतं हा प्रसंग वृत्तनिवेदिकेइतका चांगला कुणालाच करता येणार नाही, कारण शब्द दुसऱ्याचे आणि सफाई आपली, हा तर तिचा रोजचा अनुभव.

माझ्या आईनं हे नाटक पुण्यात बालगंधर्वला पाहिलं होतं. भांडी घासताना ती मध्येच मंजुळेच्या आवाजात वडिलांना काहीतरी सुनवायची आणि मग स्वतःच हसायची. वडील कधीच चिडायचे नाहीत, ते म्हणजे त्या नाटकाचं यश म्हणायचं.

आणि आपली शाळा. गॅदरिंगमध्ये फुलराणीचं स्वगत झालं नाही असं एक वर्ष आठवतंय का कुणाला? नाट्यवाचन असो, एकपात्री असो, आंतरशालेय स्पर्धा असो, एक मुलगी कमरेला पदर खोचून, हातात परडी घेऊन येणारच. आपल्या वर्गातली जी होती तिचं नाव लिहीत नाही, ती आता एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मला फोन करेल. ती सगळ्या मुलींसारखीच एक चूक करायची, सुरुवातीपासूनच ओरडायची. शिकवणाऱ्या माणसावर उलटून येणाऱ्या मुलीचा राग म्हणजे ओरडणं, असं आपल्याला वाटायचं. आज फोनवर त्या स्वगताची जुनी धूसर चित्रफीत सापडते. ती बघा. भक्ती बर्वे ओरडत नाहीत. त्या आधी अपमान गिळतात, मग मनातल्या मनात बदला घेण्याची मजा घेतात, मग स्वतःच्याच कल्पनेला खुदकन हसतात, आणि राग वर येतो तो या सगळ्याच्या खालून. श्वास कुठे घेतला ते कळत नाही. तो रेडिओचा श्वास आहे.

त्या स्वगताचं आपल्या भागातल्या मुलींना इतकं वेड का होतं, याचा मी नंतर विचार केला. शाळेत प्रार्थनेनंतर पेपरातल्या बातम्या वाचायला उभं केलं की आपण सगळे 'आकाशवाणी' व्हायचो. ण आणि न नीट, श आणि स नीट, बाईंची नजर आपल्यावर. आणि रांग मोडली की पुन्हा आपली भाषा सुरू. आपण मुली 'मी येतो', 'मी करतो' असंच म्हणायचो, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात, मी जेवायच्या सुट्टीत सहज म्हणाले, थांबा, मी पण येतो. टेबलावरचे सगळे हसले. दुष्टपणा नव्हता त्यात, पण पुढचे काही महिने मी बोलण्याआधी वाक्य मनात तपासून घेत होते. वर्गातल्या कितीतरी जणींनी मला नंतर असाच अनुभव सांगितला. कुणाला मुलाखतीत, कुणाला सासरी. मंजुळेला जे प्रोफेसर भेटले ते आपल्यालाही भेटले, फक्त आपल्या वाट्याला नाटकातल्यासारखं शेवटी उलट सुनवायला मिळालं नाही.

म्हणून मला भक्ती बर्वे महत्त्वाच्या वाटतात. शुद्ध मराठी म्हणजे काय हे ज्या आवाजांनी महाराष्ट्राला ऐकवलं, त्यांतला एक त्यांचा. आणि त्याच बाईनं शुद्ध न बोलणाऱ्या मुलीला इतकं मानानं उभं केलं की हजारो लोक तिच्या बाजूचे झाले. हे एकदा घडलेलं नाही. पुढे दूरदर्शनसाठी त्यांनी बहिणाबाई चौधरी केल्या. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, भाषा खानदेशातली, लेवा बोली, आणि स्वतः निरक्षर. पुस्तकी मराठीपासून इतकी लांब असलेली कवयित्री करायला पुन्हा एक निवेदिकाच. बोलीतली भूमिका करताना पुष्कळ नट बोलीची टिंगल करतात, त्यांच्या लक्षातही येत नाही. शब्द वाकडा केला की झाली बोली, असा त्यांचा हिशेब असतो. ज्याला प्रमाणभाषेचा प्रत्येक स्वर कळतो त्यालाच बोलीचेही स्वर वेगळे आणि नेमके ऐकू येतात. बोलीला तिचं स्वतःचं व्याकरण असतं, ती कुणाची बिघडलेली आवृत्ती नसते, हे त्यांच्या कामातून कळतं.

बाकीची कारकीर्द मी भराभर सांगते, कारण ती इतरांनी लिहिली आहे. 'हँड्स अप', 'आई रिटायर होते' ही गाजलेली नाटकं. अजित दळवींच्या 'गांधी विरुद्ध गांधी'त कस्तुरबा, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, गांधी अतुल कुलकर्णी. 'आई रिटायर होते' मधली आई आपल्या आयांच्या पिढीला फार लागली होती. स्वयंपाकघरातून निवृत्ती घेता येते, ही कल्पनाच त्यांना आधी विनोदी आणि मग अचानक गंभीर वाटली. १९८३ मध्ये कुंदन शहांचा 'जाने भी दो यारों' आला. त्यात 'खबरदार' मासिकाच्या संपादिका शोभा सेन या भक्ती बर्वे आहेत. भ्रष्ट लोकांचे फोटो काढायला लावायचे आणि नंतर त्याच लोकांशी सौदा करायचा, अशी गोड बोलणारी बाई. खरी बातमी सरळ चेहऱ्यानं सांगण्याची सवय असलेल्या बाईनं खोटारडी पत्रकार किती सहज केली आहे ते पाहा. पुन्हा आवाजच. एकही वाक्य वरच्या पट्टीत नाही.

१९९० मध्ये त्यांना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचं लग्न अभिनेते शफी इनामदार यांच्याशी झालं होतं. 'ये जो है जिंदगी'मुळे शफी इनामदार आपल्या सगळ्यांच्या घरातले होते. १३ मार्च १९९६ ला ते गेले. तारीख आपल्या वर्गातल्या मुलांना दुसऱ्या कारणानं आठवत असेल. विश्वचषकाचा भारत-श्रीलंका उपांत्य सामना त्याच संध्याकाळी ईडन गार्डनवर मध्येच थांबवावा लागला होता.

शेवटच्या काळात त्या 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा कार्यक्रम करत होत्या. रंगमंचावर एकट्या. फुलराणी कशी झाली, पु. ल. कसे होते, आणि आपण काय शिकलो, हे सांगायचं. १२ जून २००० ला पु. ल. गेले. त्यानंतर तर त्या कार्यक्रमाचा अर्थच बदलला असणार. मला एक गोष्ट इथे फार जाणवते. माइकपासून सुरू झालेली बाई पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्यांच्या भूमिका करून शेवटी पुन्हा निवेदनाकडे आली. फरक एवढाच की आता हातात दुसऱ्याचा कागद नव्हता.

११ फेब्रुवारी २००१, रविवार. हाच कार्यक्रम वाईला झाला. आपल्यापैकी ज्यांचं आजोळ वाईचं त्यांना ते गाव मी काय सांगणार. घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाचं कार्यालय, आणि शब्द नीट ऐकणारे लोक. व्याख्यान असो की नाटक, वाईकर कान देऊन ऐकतो, अशी त्या गावाची ख्याती आहे. तिथून मुंबई सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. कार्यक्रम संपवून रात्री निघायचं आणि पहाटे घरी पोचायचं, हा मराठी नाटकवाल्यांचा पिढ्यानपिढ्यांचा दिनक्रम. मुक्कामाचा खर्च परवडत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरं काम असतं, आणि सवयच झालेली असते. आपण टाळ्या वाजवून घरी येऊन झोपतो तेव्हा ही मंडळी घाट उतरत असतात. द्रुतगती मार्ग तेव्हा नवा होता, टप्प्याटप्प्यानं खुला होत होता. पनवेलच्या अलीकडे भाताण बोगद्याजवळ, सोमवारच्या पहाटे त्यांच्या गाडीला अपघात झाला. त्या बावन्न वर्षांच्या होत्या.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. मंगळवारच्या पेपरात सगळं आलं. मेसमध्ये त्या दिवशी नाटकात कधी रस न घेणारी मुलंही बोलत होती. एकजण म्हणाला, आमच्या आईनं काल रेडिओ लावून ठेवलाय नुसता, बोलतच नाही.

'ती फुलराणी' नंतरही होत राहिलं. अमृता सुभाषनं मंजुळा केली, हेमांगी कवीनं केली, प्रत्येकीनं आपापल्या परीनं. नाटकाचं तसंच असावं. पण माझ्या मनात राहून राहून येतं ते त्यांच्या आधीच्या कामाबद्दल. आकाशवाणीची सभा संपली की संपली. थेट वाचलेलं बातमीपत्र हवेत गेलं ते गेलं. देशभरातले लोक त्यांना ओळखतात ते एका हिंदी सिनेमातल्या भूमिकेमुळे, आणि ज्या मराठीसाठी त्यांनी आयुष्य घातलं ती फार थोडी हाताशी आहे.

तर मित्रमैत्रिणींनो, एक काम सांगते. तुमच्या घरी माळ्यावर, आईबाबांच्या ट्रंकेत, जुन्या कॅसेटी असतील. आपल्याकडे बरेच जण रेडिओला टेपरेकॉर्डर चिकटवून गाणी, नाटकं, श्रुतिका टेप करायचे. गाण्याच्या आधी आणि नंतर जो निवेदकाचा आवाज आला, तो बहुतेक वेळा चुकून टेप व्हायचा आणि आपण वैतागायचो. तोच आता मोलाचा आहे. भक्ती बर्वेंचा असेल, सांगली केंद्रावरच्या कुणाचा असेल, कुणाचाही चालेल. पावसाळ्याआधी काढा, बुरशी लागली की फीत चिकटते. चिकटली असेल तरी फेकू नका आणि घरच्या टेपरेकॉर्डरवर लावूनही बघू नका, फीत तुटेल. कॅसेटच्या पाठीवर वर्ष आठवत असेल तर पेन्सिलीनं लिहा आणि मेळाव्याला येताना घेऊन या. मी एक चांगला डेक आणि लॅपटॉप घेऊन येणार आहे. वर्ग आठवी 'ब' ची खोली संध्याकाळपर्यंत आपल्याला दिली आहे, तिथेच बसेन.